डिझेल घेऊ की नको? काशिमीरा नाक्यावरचे सवाल-जवाब

मीरा-भाईंदरमध्ये गाडी घ्यायची म्हटलं की सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो. सोसायटीचा सेक्रेटरी, सासरे, गॅरेजवाला, नाक्यावरचा रिक्षावाला, प्रत्येकाचं मत तयार असतं. त्यात गाडी छोटी डिझेल एसयूव्ही असेल तर सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘‘आता डिझेल कोण घेतं?’’ दुसरा म्हणतो, ‘‘घेतलीस तर डिझेलच घे, बाकी सगळी खेळणी.’’ गंमत म्हणजे दोघंही आपापल्या रस्त्यापुरते बरोबर असतात. पहिला रोज बायकोला स्टेशनला आणि मुलाला शाळेत सोडतो, दुसरा दर पंधरवड्याला गावी पळतो. डिझेल गाडी कोणाला परवडते हे पगारापेक्षा रस्ता जास्त ठरवतो. तेव्हा बुकिंगचं टोकन देण्याआधी हे सवाल-जवाब वाचून घ्या.

सगळ्या गाड्या चार मीटरला जरासं कमीच का भरतात?

टेप लावून मोजा. टाटा नेक्सॉन ३,९९५ मिलिमीटर. ह्युंदाई व्हेन्यू ३,९९५. किया सोनेट ३,९९५. महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ ३,९९०. तीन दारांची थार ३,९८५. हा योगायोग नाही, ही कराची करामत आहे. २००६च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी कोणती? लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून कंपन्यांचे डिझायनर पेन्सिलीआधी फूटपट्टी उचलतात.

पुढे जीएसटी आला तरी ही रेघ पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून रेघेच्या आतल्या गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या मोठ्या गाडीला ४० टक्के जीएसटी लागतो. ह्युंदाई क्रेटा आणि व्हेन्यू या दोघींच्या बोनेटखाली तेच १,४९३ सीसीचं डिझेल इंजिन आहे, पण क्रेटा लांब असल्यामुळे ४० टक्क्यांत गेली. थारची गोष्ट त्याहून मजेदार. गाडी तीच, लांबी तीच. दीड लिटरचं डिझेल इंजिन घेतलंत तर १८ टक्के आणि २.२ लिटरचं घेतलंत तर ४०.

अंग चोरून बसण्याचा मान मात्र बोलेरोचा. मूळची ४,१०७ मिलिमीटरची ही गाडी २०१६मध्ये ‘पॉवर प्लस’ होताना ११२ मिलिमीटरने आखूड झाली. बंपर आत घेतला आणि कर वाचवला!

ही कल्पना आधी कोणाला सुचली?

बहुतेक जण इकोस्पोर्टचं नाव घेतील, काही जण ब्रेझाचं. पण चार मीटरच्या आतली डिझेल एसयूव्ही त्याआधीच पिंपरी-चिंचवडमध्ये बनत होती. प्रीमियर रिओ, डिसेंबर २००९. होय, तीच प्रीमियर, जिची पद्मिनी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली आणि जिची स्थापना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी केली होती. रिओचा सांगाडा एका चिनी कंपनीकडून आलेला आणि इंजिन मूळ प्यूजोचं. गाडी फारशी चालली नाही, पण कल्पना चालली.

२०१२मध्ये महिंद्राने झायलोची मागची बाजू कापून क्वांटो काढली. २०१३मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट आली, पाठीवर स्टेपनी घेऊन. तिचं मागचं दार वर न जाता बाजूला उघडायचं. मीरा रोडच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये ती भिंतीला टेकवून लावली की डिकी उघडण्यासाठी आधी गाडी बाहेर काढावी लागायची. मार्च २०१६मध्ये मारुती व्हिटारा ब्रेझा आली ती फक्त डिझेलमध्ये. २०२० साली तिनेच डिझेल सोडलं आणि ती फक्त पेट्रोलवर आली. चार वर्षांत पक्षांतर पूर्ण.

या गाड्या येतात कुठून?

उत्तर ऐकून कॉलर ताठ होईल. नेक्सॉन पुण्याजवळच्या रांजणगावची. एक्सयूव्ही ३एक्सओ, बोलेरो आणि थार नाशिकच्या. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेली नवी व्हेन्यू तळेगावची; हा कारखाना पूर्वी जनरल मोटर्सचा होता, तो ह्युंदाईने घेतला. सोनेट तेवढी आंध्रच्या अनंतपूरहून येते. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल बनवणारा बॉशचा कारखानाही नाशिकलाच आहे.

ज्या फियाट मल्टिजेट इंजिनाला लोक गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे तेही रांजणगावात बनायचं. १.३ लिटरचं हे एकच इंजिन स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टात होतं आणि ब्रेझातही होतं. शोरूममध्ये एकमेकींशी भांडणाऱ्या गाड्या आतून सख्ख्या बहिणी निघायच्या. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि हे कुटुंब विसर्जित झालं. छोटं डिझेल इंजिन नव्या नियमात बसवण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार होता, म्हणून मारुतीने डिझेलला रामराम ठोकला.

कंपनी म्हणते २३, मला १५ का मिळतं?

कारण कंपनीची गाडी काशिमीऱ्याला आलेलीच नसते. जाहिरातीतला आकडा चाचणीतून येतो. आपल्याकडे त्यासाठीची नावाजलेली संस्था म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची एआरएआय. गाडी बंद खोलीत रोलरवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात. ड्रायव्हर समोरच्या स्क्रीनवरच्या रेषेप्रमाणे वेग वाढवतो, कमी करतो. साधारण वीस मिनिटांची ही सफर, अंतर जेमतेम अकरा किलोमीटर, कमाल वेग ९०. एसी बंद. खड्डा नाही, दुपारचं ऊन नाही, मध्येच घुसणारा रिक्षावाला नाही आणि मागच्या सीटवर मावशी-काका नाहीत.

या परीक्षेत बीएस-६ सोनेटच्या मॅन्युअल डिझेलला २४.१, नेक्सॉनच्या डिझेलला २३.२३ गुण मिळाले होते. गोल्डन नेस्ट ते दहिसर टोलनाका हा पेपर वेगळा. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये एसी लावून सरपटणाऱ्या गाडीने १४-१५चं ॲव्हरेज दिलं तर सर्व्हिस सेंटरला जाऊन भांडू नका.

जास्तीचे पैसे वसूल कधी होतात?

हिशोब वहीच्या कोपऱ्यावर मावतो. डिझेल गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा सव्वा लाखाने महाग पडते असं धरू. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरू. शहरात पेट्रोल गाडी १२ देते आणि डिझेल १६. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे ८ रुपये ६७ पैसे, डिझेलचे ५ रुपये ६३ पैसे. किलोमीटरमागे तीन रुपये वाचले. सव्वा लाख भरून निघायला ४१ हजार किलोमीटर लागले.

वर्षाचे तीनशे दिवस रोज ५० किलोमीटर पळालात तर पावणेतीन वर्षांत वसूल. रोज १५ किलोमीटर पळालात तर नऊ वर्षं! तोवर मुलगा बारावीला गेलेला असेल आणि त्याला वेगळीच गाडी हवी असेल. पंपावरचा भाव आणि तुमच्या गाडीचा फरक बदला, हिशोबाची रीत तीच राहील.

यात आरटीओचाही वाटा आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर किमतीप्रमाणे ११, १२ किंवा १३ टक्के लागतो. डिझेलला १३, १४ किंवा १५. दहा लाखांच्या गाडीवर हे वीस हजार निमूटपणे ऑन-रोड किमतीत घुसतात.

आणि वापी-भिलाडला जाऊन टाकी फुल करण्याची आयडिया? ती पेट्रोलवाल्यांची. २०२४मध्ये महाराष्ट्राने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई परिसरात डिझेलवरचा व्हॅट २४ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणला, त्यानंतर डिझेलच्या भावात सीमेपलीकडे जावं असा फरक उरलेला नाही.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, आता?

हाच या लेखातला सर्वांत महागडा प्रश्न. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी बसवलेली असते. इंजिनाची काजळी ती अडवून धरते, म्हणून नव्या डिझेल गाडीच्या नळीत बोट घातलं तरी ते फारसं काळं होत नाही. पण अडवलेली काजळी जाणार कुठे? ती जाळीतच जाळावी लागते. त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान हवं, आणि ते सिग्नलला उभं राहून येत नाही.

गाडी एका लयीत १५-२० मिनिटं पळाली की इंजिन स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून जाळी साफ करून घेतं. भाईंदर पश्चिम ते स्टेशन, स्टेशन ते भाजी मार्केट एवढंच जिचं जग आहे त्या गाडीला ही लय मिळतच नाही. काजळी साठते आणि दिवा लागतो. अशा वेळी घोडबंदर रोड धरू नका, तिथे उलट काजळी वाढेल. सकाळी लवकर उठा, वरसावे पूल ओलांडा आणि अहमदाबादच्या दिशेने मनोरपर्यंत एका वेगात जाऊन या. नेमका वेग आणि वेळ किती हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. दिव्याकडे दुर्लक्ष केलंत तर पुढचा दिवा इंजिनाचा लागतो आणि त्याच्या मागोमाग गॅरेजचं बिल येतं.

‘‘जाळीच काढून टाका,’’ असं सांगणारा मेकॅनिक भेटेल. तो उपाय बेकायदा आहे, आणि ती काजळी शेवटी आपल्याच बाल्कनीतल्या कपड्यांवर बसते.

ऑइल कमी होण्याऐवजी वाढतं कसं?

सकाळी गाडी थंड असताना बोनेट उघडा. पिवळ्या कडीची डिपस्टिक ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि बाहेर काढा. दोन खुणा दिसतील. तेल त्यांच्या मध्ये असेल तर उत्तम. वरच्या खुणेच्याही वर असेल तर नाकाजवळ न्या. डिझेलचा वास येतो का?

जाळी साफ करायला इंजिनाने जास्तीचं डिझेल सोडलं, तेवढ्यात तुम्ही बिल्डिंगखाली येऊन चावी बंद केलीत. काम अर्धवट राहिलं आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरलं. असं वारंवार झालं की ऑइल पातळ होतं आणि पातळी वर चढते. वाढलं म्हणून आनंद मानू नका, ऑइल बदलून घ्या. तेही डीपीएफला चालणारं, कमी राख धरणारं. पंपावर मिळेल ते नको. आणि नवं ऑइल पाचशे किलोमीटरमध्ये काळं झालं तर मेकॅनिकने फसवलं असं समजू नका. डिझेल इंजिनात ते व्हायचंच.

टाकीच्या तोंडाशेजारी निळं झाकण कसलं?

प्रत्येक डिझेल गाडीला ते नसतं, पण असेल तर लक्षात ठेवा. ते डीईएफचं: शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला ते वापरतात. संपत आलं की गाडी आधी आठवण करते, मग दम देते आणि पूर्ण संपलं तर बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून घालण्याचा जुगाड करू नका. आणि त्या झाकणातून डिझेल तर अजिबात नको.

पंपावर चुकून पेट्रोल भरलं तर?

तसं होऊ शकतं, कारण पेट्रोलची नोझल डिझेलच्या तोंडात आरामात बसते. लक्षात आल्याबरोबर एकच काम करायचं: चावी लावायची नाही. ‘इग्निशन ऑन’सुद्धा नाही, कारण तेवढ्यानेच टाकीतला पंप ते पुढे ढकलतो. डिझेल हे इंधन तर आहेच, शिवाय १,६०० बार आणि त्याहून जास्त दाबाने चालणाऱ्या पंपाचं वंगणही तेच. पेट्रोल ते वंगण धुऊन टाकतं. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या, झालं. दोन किलोमीटर चालवलीत तर खर्च हजारांवरून लाखावर जाऊ शकतो.

डिझेल गाडीचा प्लग कधी बदलायचा?

कधीच नाही, कारण ठिणगी पाडणारा प्लग तिला नसतोच. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली की ती इतकी तापते की डिझेल फवारताच पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७मध्ये हे इंजिन चालवून दाखवलं. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. १९१३मध्ये इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून रुडॉल्फसाहेब रात्रीतून नाहीसे झाले. त्यांच्या मृत्यूचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

रस्त्यावर पाणी तुंबलंय. एसयूव्ही आहे, घालू का?

आता हीच दाबण्याची गोष्ट उलटी लावा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवेच्या वाटेने पाणी आत शिरलं की वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नेक्सॉनच्या पोटाखाली जवळपास २०८ मिलिमीटर जागा आहे हे खरं, पण गाडी तरंगायला बनवलेली नाही. पाणी चाकाच्या मध्यावर आलं की थांबा. पुढून बस आली तर तिची लाट बोनेटवर येते, हेही धरून चाला.

आणि पाण्यात बंद पडली तर? पुन्हा स्टार्ट मारू नका! बहुतेक इंजिनांचा जीव दुसऱ्या स्टार्टला जातो. विम्याची साधी पॉलिसी अशा वेळी हात वर करते. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे ॲड-ऑन घेतलं असेल तरच काही हाती लागतं, आणि तिथेही पाण्यात पुन्हा स्टार्ट मारल्याचं निघालं तर हुज्जत होते. मीरा-भाईंदरच्या पिनकोडला हे ॲड-ऑन चैन नाही.

खारा वारा आणि गोडखाऊ उंदीर

एका बाजूला मिठागरं आणि खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र. उत्तन, राई, मुर्धा, मोर्वा या पट्ट्यात गाडी उभी असेल तर गंज वरून दिसत नाही, खालून खातो. पावसाळ्याच्या आधी अंडरबॉडी कोटिंग आणि महिन्या-दोन महिन्यांनी पोटाखालून गोड्या पाण्याचा फवारा, एवढं पुरे. गोराई-उत्तनच्या वाळूत चाकं उडवून रील काढायची हौस असेल तर त्याच संध्याकाळी गाडी धुवा.

उंदरांचं काय? गाडी आठवडाभर उभी राहिली की इंजिनाजवळचा आडोसा आणि वायरीचं प्लॅस्टिक त्यांना भावतं. सोसायट्यांमध्ये तंबाखूच्या पुड्यांपासून डांबरगोळ्यांपर्यंत सगळे प्रयोग होतात. खात्रीचे उपाय दोनच: बोनेटखाली बारीक जाळी आणि गाडी रोज थोडी हलवणं. गाडीत वेफर्सचा चुरा सांडलेला असेल तर मात्र आमंत्रण तुम्हीच दिलंय.

दहा वर्षांनी भंगारात जाणार का?

ही दिल्लीची बातमी इथे व्हॉट्सॲपवर फिरते. दहा वर्षांची डिझेल गाडी बंद करण्याचा आदेश हरित लवादाचा, त्यावर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं आणि त्यात नंतर सवलतीही आल्या. पण तो सगळा मामला दिल्ली परिसराचा. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. मात्र अगदी निर्धास्तही राहू नका. मुंबई महानगरातली पेट्रोल-डिझेल वाहनं टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तज्ज्ञ समितीकडून तपासा, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये सांगितलं आहे.

याला जोडून एक व्यवहाराची गोष्ट. दिल्ली-हरियाणाची जुनी डिझेल गाडी इथे स्वस्तात मिळते ती याच भीतीपोटी. घेताना तिकडच्या आरटीओची एनओसी बघा आणि इथला रस्ता कर पुन्हा भरायचा आहे हे धरून भाव करा, नाहीतर स्वस्ताई कागदावरच राहील.

डिझेलवर दहा टक्के जादा कर येतोय, हीही अशीच जुनी अफवा. सप्टेंबर २०२३मध्ये नितीन गडकरी एका कार्यक्रमात तसं बोलले, कंपन्यांचे शेअर घसरले आणि असा कोणताही प्रस्ताव सरकारपुढे नसल्याचा खुलासा त्यांनी त्याच दिवशी केला.

काचेवरचं नारिंगी स्टिकर आणि नवा नंबर

नव्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून एक स्टिकर लावलेलं असतं. फिकट निळं म्हणजे पेट्रोल किंवा सीएनजी, नारिंगी म्हणजे डिझेल. वर हिरवी पट्टी असेल तर गाडी बीएस-६. जुनी गाडी बघायला गेलात की विकणाऱ्याच्या तोंडाआधी ही काच वाचा.

नंबरप्लेटही आता गाव सांगते. वर्षानुवर्षं आपण ठाण्याचं एमएच-०४ मिरवलं. आता मीरा-भाईंदरला स्वतःचा एमएच-५८ मिळाला आहे. दहिसर ओलांडलं की बोरिवलीचं ४७, वसईची खाडी ओलांडली की ४८. वरसाव्याच्या कोंडीत उभे राहिलात तर चारही नंबर एका नजरेत दिसतात आणि चौघंही सारखेच अडकलेले असतात.

गायमुख घाटात ऑटोमॅटिक की मॅन्युअल?

डिझेलची खरी मजा टॉर्कमध्ये. ३एक्सओचं डिझेल ३०० न्यूटन मीटर देतं, नेक्सॉनचं २६०, व्हेन्यू-सोनेटचं २५०. म्हणजे चार माणसं, सामान आणि एसी घेऊन गायमुखचा चढ दुसऱ्या गिअरवर सहज निघतो, रेस न देता. पण घाटात ट्रक बंद पडला की टॉर्कही उभाच. तासभर क्लच दाबून गुडघा बोलायला लागला की ऑटोमॅटिकचे पैसे आठवतात. त्यातही दोन जाती. नेक्सॉन आणि ३एक्सओ डिझेलमध्ये एएमटी मिळते: गिअरबॉक्स मॅन्युअलच, क्लच तेवढा यंत्र दाबतं. स्वस्त आणि ॲव्हरेजला चांगली, पण चढावर किंचित हिसके देते. सोनेट आणि नव्या व्हेन्यूत टॉर्क कन्व्हर्टर मिळतो. तो मऊ, महाग आणि थोडा तहानलेला.

गावाला एका टाकीत?

इथे डिझेल आपले सगळे हिशोब चुकते करतं. नेक्सॉनची टाकी ४४ लिटरची. हायवेला १८चं ॲव्हरेज धरलं तर ७९० किलोमीटर. मीरा रोडहून सावंतवाडी गाठायची आणि वर गावातली गणपतीची धावपळ उरकायची, तरी पंपावर जायची गरज नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे मात्र टाकीत धरलेले नाहीत. नागपूरकरांसाठी समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर. शंभरच्या वेगाने गेलात तर एका टाकीत होईल. १२०ने पळालात तर वाटेत पंप शोधाल.

टोलचंही ऐका. ऑक्टोबर २०२४पासून दहिसरसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०२५मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास आहे, २०० फेऱ्यांचा. खानिवड्याला तो चालतो. समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, कारण ते राज्याचे रस्ते.

उभी कुठे करणार?

स्टॅक पार्किंग असेल तर बुकिंगआधी उंची विचारा. नेक्सॉन साधारण १.६ मीटर, थार त्याहून वीत-दीड वीत उंच. सेडानसाठी केलेल्या खालच्या पाळण्यात थार बसत नाही आणि सेक्रेटरी ऐकत नाही. मे २०२५मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगचा दाखला नसेल तर गाडीची नोंदणी नाही, असं धोरण जाहीर केलं होतं. त्यांच्या मतदारसंघात मीरा-भाईंदरचाही काही भाग येतो. स्वतः त्यांनी सप्टेंबरमध्ये बीकेसीच्या शोरूममधली पहिली टेस्ला घेतली, तिला ना डीपीएफ ना डिपस्टिक.

झटपट पाच

टायरमध्ये नायट्रोजन भरू का? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. दर पंधरा दिवसांनी प्रेशर बघा, ते जास्त उपयोगी.

इथेनॉलची भीती? ई-२० हा पेट्रोलचा विषय. डिझेलवाले यात प्रेक्षक.

हायवेवरून आल्याबरोबर चावी बंद करू? अर्धं मिनिट थांबा. टर्बो मिनिटाला लाखाहून जास्त गिरक्या घेत होता, त्याला थंड होऊ द्या.

सेफ्टी? डिसेंबर २०१८मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन. आपल्या रांजणगावची.

डिसेंबरची सवलत घेऊ? घ्या, पण चॅसिस प्लेटवरचा उत्पादनाचा महिना वाचून. सहा महिने यार्डात उभी असलेली गाडी नवी असते, ताजी नसते.

मग निकाल काय?

आठवड्यातून एकदा तरी वरसावे पुलापलीकडे जाणं होत असेल आणि वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटर पडत असतील तर डिझेल बिनधास्त घ्या. गाडी मीरा-भाईंदर रोडवरच म्हातारी होणार असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी घ्या आणि उरलेल्या सव्वा लाखात सात-आठ वर्षांचा विमा भरा. टेस्ट ड्राइव्ह मात्र सकाळी अकराला मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. सेल्समनला सांगा, संध्याकाळी सातला काशिमीऱ्याला जायचंय. त्याच्या कपाळावर आठी पडली तर समजा, प्रश्न बरोबर जागी लागला.